मृगाआधींचें सोलापूर

उन्हाळ्याची सुटी लागली म्हणजे लोक महाबळेश्वर-पांचगणीकडे धांवतात, कोणी कोंकणांत आजोळीं जातात. आमच्या नशिबीं मात्र गेलीं चाळीस वर्षें वैशाखअखेर सोलापूरच लिहिलेलें आहे. थोरले बंधु तेथें राहतात, आणि वडील भावाच्या घरीं जातांना हवापाण्याचा विचार करावयाचा नसतो, असें आम्हांस लहानपणापासून शिकविलेलें. हवेचें एक वेळ सोडा. पाण्याचा विचार मात्र सोलापुरास पाऊल टाकल्यापासून करावा लागतो.

आम्हीं जन्मभर शाळेंत संस्कृत शिकविलें. कालिदासाचें ऋतुसंहार शिकवितांना मुलांना सांगत असूं कीं, कवीनें आरंभ ग्रीष्मापासून केला आणि लगेच दुसऱ्या सर्गांत वर्षाऋतु आणला. सोलापूरकराला हा सर्गक्रम पटावयाचा नाहीं. त्याच्या अनुभवास ग्रीष्म आणि वर्षा यांच्यामध्यें आणखी एक ऋतु आहे. तो वाट पाहण्याचा. पंचांगांत त्याला नांव नाहीं, परंतु संसारांतील बहुतेक काळज्या त्याच ऋतूंत पिकतात.

सन 2024 च्या मे महिन्यांत आमच्या पुतण्याचा आम्हांस पुण्यास फोन आला. त्याला पुण्यांतील एका कारखान्यांत हिशेबनिसाची बरी जागा मिळत होती. पगार सध्यांच्या दीडपट. सोलापुरांतील घर विकून सर्वांनींच पुण्यास यावें, असा त्याचा बेत. परंतु अण्णांपुढें हें बोलण्याचें त्याला धैर्य होईना. "भाऊकाका, तुम्ही येऊन अण्णांना समजावा, तुमचें ते ऐकतील," असें तो म्हणाला. आमचेंही मत त्याच्याच बाजूचें होतें. तेव्हां पुतण्याचें वकीलपत्र घेऊनच आम्ही 25 तारखेस सकाळच्या गाडींत बसलों.

या मार्गावर रेल्वे 1860 सालीं सोलापुरास पोंचली. दौंड सोडून भिगवण मागें पडलें कीं गाडी भीमा ओलांडते. उजनी धरणाचा फुगवटा येथपर्यंत येतो. हिवाळ्यांत याच पाण्यांत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात व ते पाहण्यास लोक लांबलांबून येतात. त्या दिवशीं खिडकींतून पाहतों तों पाणी दूर सरलेलें, आणि कांठचा गाळ भेगाळून उघडा पडलेला. अशा सालीं पळसदेवचें जुनें पळसनाथाचें देऊळ, जें एरवीं धरणाच्या पोटांत असतें, तें पाण्याबाहेर येतें आणि भाविक दर्शनाला जातात. देव दर्शन देतो, पण ती वेळ सुकाळाची नसते.

समोरच्या बांकावरील एक शाळकरी मुलगा वृत्तपत्र वाचीत होता. उजनीचा साठा उणें साठ टक्क्यांच्या जवळ गेल्याचें त्यांत होतें. "आजोबा, धरणांत शून्यापेक्षां कमी पाणी कसें असेल?" असें त्यानें विचारलें. मास्तर निवृत्त झाला तरी प्रश्न ऐकून स्वस्थ बसवत नाहीं. आम्हीं त्यास सांगितलें, उजनींत सुमारें 117 अब्ज घनफूट पाणी मावतें. त्यांतील 63 अब्जांहून अधिक, म्हणजे निम्म्यापेक्षां जास्त, मृतसाठा. तो कालव्याच्या तोंडाखालीं असल्यामुळें आपोआप वाहत नाहीं. टक्केवारी मोजतात ती वरच्या उपयुक्त साठ्याची. तो संपला कीं शून्य, आणि त्याखालचें उपसूं लागलें कीं उणें. जमाखर्चांत शिल्लक संपून मुदलास हात लागावा, तसें हें आहे. मुलगा थोडा वेळ विचार करून म्हणाला, "म्हणजे आम्ही सध्यां मुद्दल पितों." उत्तर बरोबर होतें; शाळेंत असतों तर शाबासकी दिली असती.

सोलापूर स्टेशनाबाहेर पाय ठेवला आणि उन्हानें स्वागत केलें. या दिवसांत पारा 43 अंशांपलीकडे जाणें येथें नवलाचें नाहीं. उत्तर कसब्यांतील घरीं पोंचलों तेव्हां वहिनींनीं ओसरीवर वाळा घातलेल्या माठांतील पाणी दिलें. तांब्या मोठा आणि फुलपात्र लहान. सोलापुरांत उन्हाळ्यांत पाहुण्याला पाणी असेंच देतात. त्यांत कृपणपणा नाहीं, ओतलेलें पाणी टाकावें लागूं नये हा हिशेब आहे. सूनबाई नमस्कारास आली. तिच्या उजव्या मनगटाला प्लास्टर होतें. "पाय घसरला, एवढेंच," असें म्हणून ती आंत गेली, आणि आम्हींही अधिक चौकशी केली नाहीं.

या शहरांत नळाला पाणी रोज येत नाहीं. त्या उन्हाळ्यांत चार-पांच दिवसांनीं एकदां येई, आणि वेळ बहुधा अपरात्रीची. त्यामुळें घराचें पंचांगच निराळें झालें होतें. सोमवार-मंगळवार कोणी विचारीना; "पाण्याचा दिवस", "पाण्याचा दुसरा दिवस", "उद्यां पाणी" अशी वाराची गणना चाले. पाहुणा पाण्याच्या दुसऱ्या दिवशीं आला तर घरधनीण मोकळी हंसते. चौथ्या दिवशीं आला तर हंसतेच, परंतु डोळा पिंपाकडे असतो.

वहिनींची पाण्याची व्यवस्था पाहून आम्हांस एखाद्या कुशल दिवाणाची आठवण झाली. तांब्याच्या हंड्यांत देवाचें व पिण्याचें. पितळी घागरींत स्वयंपाकाचें. मोरीजवळच्या पिंपांत स्नानाचें. दारच्या रांजणांत धुण्याचें. तांदूळ धुतलेलें पाणी तुळशीला आणि कढीलिंबाला. भाजी धुतलेलें पाणी भांडीं विसळण्यास. धुण्याचें शेवटचें पाणी अंगण शिंपडण्यास, आणि साबणाचें शौचकूपास. एका पाण्याला त्या घरांत चार जन्म घ्यावे लागत, मग त्यास मोक्ष. सोंवळ्याचें पाणी निराळें ठेवण्याची चाल वहिनींनीं 1972 च्या दुष्काळांत सोडली ती सोडलीच. त्या वर्षीं आम्ही पंधरा वर्षांचे होतों. शिधापत्रिकेवर मिळालेल्या लाल मिलोची भाकरी याच स्वयंपाकघरांत खाल्लेली आम्हांस आठवते.

बाकीचा संसार चालूच होता. गच्चीवर कुरडया आणि सांडगे वाळत. पोत्यांतील मंगळवेढ्याच्या ज्वारीला ऊन दाखवून तींत कडुलिंबाचा पाला घालणें चाललें होतें. शेंगांची चटणी उखळांत कुटून बरणींत भरलेली, कडक भाकरीची चवड फडक्यांत बांधलेली. चादरी धुणें मात्र पावसापर्यंत तहकूब. सोलापुरी चादरींच्या गांवांत चादर धुवावयास पाणी नसावें!

बाहेरच्यांस ठाऊक नसेल म्हणून सांगतों. सोलापूरचा शेतकरी जूनच्या पावसावर मोठी भिस्त ठेवीत नाहीं. येथील मुख्य पीक रब्बीची ज्वारी, आणि ती उत्तरा-हस्ताच्या पावसावर पेरावयाची. आणि शहराची तहान तरी येथल्या ढगांवर कोठें भागते? भीमा उगम पावते भीमाशंकरीं. उजनी भरते ती पुणें जिल्ह्यांतील पावसानें. तेथून सुमारें 110 किलोमीटर लांबीच्या नळांतून पाणी शहरांत येतें, कांहीं नदीच्या पात्रांतून औज बंधाऱ्यापर्यंत सोडतात, आणि त्यांतील पुष्कळसें वाटेंतच जिरतें अगर उन्हानें उडून जातें. दुसऱ्या नळाचें काम त्या वेळीं चाललें होतें. जवळचा एकरुख तलाव 1871 सालीं पुरा झाला. त्याचाही आधार आहे, पण पाऊस झाला तर. म्हणून अण्णा रोज सकाळीं वृत्तपत्र उघडीत तें सोलापूरचें हवामान पाहण्यासाठीं नव्हे. ते म्हणत, "मावळांत कांहीं पडला काय पाहा." ज्या घराचा पाऊस परगांवीं पडतो, त्या घराची काळजीही लांब पल्ल्याची असते.

27 तारखेस दुपारीं एक वाजतां दहावीचा निकाल लागला. पुतण्याची मुलगी त्या परीक्षेस बसली होती. एक मोबाईल आणि त्याभोंवतीं सहा डोकीं, असा देखावा. शंभरांत एक्याण्णव गुण! अण्णांनीं देवापुढें पेढे ठेवविले, वहिनींनीं दृष्ट काढली. आनंदाचा भर ओसरल्यावर नात हळूच म्हणाली, "आजोबा, अकरावीला नांव येथें घालावयाचें कीं पुण्यास?" पोरीनें भाबडेपणानें विचारलें, पण ओसरी एकदम स्तब्ध झाली. अण्णांनीं पुतण्याकडे पाहिलें, पुतण्यानें आमच्याकडे, आणि आम्हीं पेढ्याच्या पुड्याकडे. म्हणजे अण्णांना सर्व ठाऊक होतें.

संध्याकाळीं ते आम्हांस घेऊन सिद्धेश्वराच्या दर्शनास निघाले. तलावाच्या मधोमध देऊळ आणि कांठीं भुईकोट किल्ला. हें दृश्य पाहिल्यावर सोलापूर रूक्ष आहे असें म्हणणाऱ्याचा राग येतो. बाराव्या शतकांत सिद्धरामेश्वरांनीं लोकांकडून हा तलाव खणवून घेतला अशी परंपरा आहे, आणि शहरांत व भोंवतीं त्यांनीं स्थापिलेलीं अडुसष्ट लिंगें आहेत. संक्रांतीस नंदीध्वजांची यात्रा निघते तेव्हां मराठी, कानडी, तेलुगु सारें गांव एकाच वाटेनें चालतें. पायरीवर बसून अण्णा बोलूं लागले.

"1930 च्या मे महिन्यांत येथें लष्करी कायदा पुकारला. वडील दहा वर्षांचे होते. गांधी टोपी घालणें हा त्या दिवसांत गुन्हा ठरला. आजोबांनीं टोपी पेटींत ठेवली, पण गांव सोडलें नाहीं. पुढच्या जानेवारींत चौघांना येरवड्यास फांशी दिलें. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. त्या रात्रीं आमच्या घरीं चूल पेटली नाहीं, असें वडील सांगत. बहात्तरचा दुष्काळ आला, गांव सोडलें नाहीं. गिरण्या बंद झाल्या, शेजारचीं घरें रिकामीं झालीं, आपण सोडलें नाहीं. आतां पगार दीडपट मिळतो म्हणून सोडावयाचें?"

आम्ही कांहीं बोललों नाहीं. अण्णांचें म्हणणें इतिहासाचें होतें, पुतण्याचें व्यवहाराचें. आणि दोन्ही खरीं होतीं. लक्ष्मी-विष्णु, नरसिंगगिरजी, जुनी गिरण यांचे भोंगे ज्या शहराला वेळ सांगत, तेथें आतां शिकलेलीं मुलें घड्याळाकडे पाहतात तीं पुण्याच्या गाडीसाठीं. पूर्व भागांत मागांची खडखड अजून ऐकूं येते. पण हिशेबनिसाच्या मुलीला पुढें काय मिळणार, ही पुतण्याची काळजी खोटी म्हणतां येईना. दोन पिढ्यांचा हा वाद कसा मिटवावा, याच विचारांत आम्ही घरीं परतलों. घरांत तिसरेंही कोणी आहे हें आमच्या ध्यानांत आलें नव्हतें.

29 च्या रात्रीं उकाड्यानें झोंप येईना म्हणून आम्ही अंगणांत खाट टाकून पडलों होतों. अडीच वाजले असतील. भिंतीपलीकडून शेजारच्या लिंगायत बाईंनीं हांक दिली, "अक्का, नीरु बंतु!" पाणी आलें, एवढाच त्याचा अर्थ. दुसऱ्या हांकेआधीं आंतला दिवा लागला आणि सूनबाई बाहेर आली.

नळाला जोर नसल्यामुळें अंगणाच्या कोपऱ्यांत कमरेएवढा खड्डा खणून तेथें तोटी खालीं घेतली होती. त्या भागांत पुष्कळ घरीं असेंच करतात. खड्ड्यास तीन पायऱ्या. सूनबाई प्लास्टरचा हात छातीशीं धरून खालीं उतरली, डाव्या हातानें कळशी भरून वर ठेवी, पुन्हा चढे, ती पिंपांत रिती करी, पुन्हा उतरे. आम्ही उठून कळशी तिच्या हातांतून घेतली.

"राहूं द्या भाऊकाका. तुमची झोंप मोडेल."

"हात येथेंच मोडला काय गं?"

"मधली पायरी शेवाळली होती."

"बाकीचे कोठें आहेत?"

"हे दिवसभर थकतात. सासूबाईंचे गुडघे दुखतात. मुलीची परीक्षा होती." तिनें हें तक्रारीच्या सुरांत सांगितलें नाहीं, धड्यांतील ओळ म्हणावी तसें सांगितलें.

आम्हीं सहज विचारलें, "पुण्यास गेल्यावर यांतून सुटशील, नाहीं का?"

ती थोडी थांबली. "पुण्यास माझी बहीण असते. तिच्या वसाहतींत उन्हाळाभर टँकर येतो आणि त्याचे पैसे ती भरते. पाणी तेथेंही मोजूनच. येथें सकाळीं माझ्या शिकवण्यांना सोळा मुलें येतात. सासूबाईंना या आळीबाहेर करमावयाचें नाहीं. मला गांव सोडावयाचें नाहीं, काका. मला एक रात्र सलग झोंप मिळाली म्हणजे पुष्कळ झालें."

"हें तूं कोणास बोललीस?"

"कोणी विचारलें?"

वाचकहो, आम्ही त्या रात्रीं फार ओशाळलों. चाळीस उन्हाळे आम्हीं या घरांत काढले. रात्रीं भांड्यांचा आवाज कानीं येई, आणि आम्ही कूस बदलून झोंपत असूं. सकाळीं पिंपें भरलेलीं असत. तीं कोणी भरलीं, हा प्रश्न विभक्तिप्रत्यय शिकविण्यांत जन्म घालविलेल्या माणसाच्या मनांत कधींच आला नाहीं. क्रिया दिसत होती. कर्ता शोधला नाहीं.

सकाळीं चहाच्या वेळीं आम्हीं अण्णांना म्हटलें, "मी ज्या कामासाठीं आलों तें आतां सांगत नाहीं, दुसरें सांगतों." आणि रात्रीं पाहिलें तें सर्व सांगितलें. शेवटीं म्हणालों, "अंगणांत जमिनीखालीं हौद बांधा. रस्त्याच्या नळापेक्षां तो खोल असला कीं पाणी कमी जोराचें असलें तरी आपोआप उतरेल. तरंगत्या गोळ्याची तोटी बसविली म्हणजे भरल्यावर बंदही होईल. दिवसा मोटर लावून वर चढवा. रात्रीं कोणी उठावयास नको."

"अंगण फोडावें लागेल," अण्णा म्हणाले. "तुळशीवृंदावन हलवावें लागेल."

तोंच आंतून वहिनी बाहेर आल्या. चारचौघांत नवऱ्यासमोर मोठ्यानें बोलतांना आम्हीं त्यांना कधीं पाहिलें नव्हतें. त्या म्हणाल्या, "सूनबाई यायच्या आधीं त्या पायऱ्या वीस वर्षें मी उतरत होतें. तेव्हां तुम्ही लोकांना सांगत होतां, आमच्या घरीं पाण्याला कधीं कमी पडलें नाहीं."

अण्णांनीं वृत्तपत्र हातांत घेतलें. पण तें उलटें धरलें आहे हें आमच्या नातीनेंही पाहिलें. दुपारीं ते जेवले, झोंपले नाहींत. संध्याकाळीं छत्री घेऊन एकटेच बाहेर पडले आणि गवंड्याला घेऊनच परतले. अंगणाच्या मध्यावर काठी टेंकून त्यास म्हणाले, "येथें आमचा आड होता. नळ आला तेव्हां मी माझ्या हातानें बुजविला. हौद येथेंच खण."

रात्रीं त्यांनीं पुतण्यास जवळ बसविलें. "तूं पुण्यास जा. वर्षभर जागा पाहा, शनिवारीं-रविवारीं येत जा. मुलगी दोन वर्षें येथेंच शिकेल. घर विकावयाचें कीं नाहीं, हें आधीं सूनबाईला विचार. ती काय म्हणते तें मग मला सांग." पुतण्या कांहीं वेळ गप्प बसला. त्याच्या मनाजोगा निकाल पुरता झाला नव्हता, पण त्याचें तोंड मोकळें झालें होतें. इतके दिवस बापाशीं बोलावयास काका लागत होता. आतां तो लागला नाहीं.

आमचें परतणें 3 जूनला ठरलें. योगायोगानें 2 च्या रात्रीं पाणी येणार होतें. हौदाचा खड्डा अर्धाच झाला होता, तेव्हां जुन्याच खड्ड्यांत उतरणें भाग होतें. शेजारची हांक आली तेव्हां पुतण्या खालीं, आम्ही पायरीवर आणि अण्णा पिंपाजवळ कंदिलासारखा मोबाईलचा दिवा धरून उभे, अशी पुरुषमंडळींची फौज सज्ज झाली. फौजेनें निम्मी कळशी अंगणांत सांडली. वहिनी खिडकींतून पाहत होत्या, त्या नुसत्या एवढेंच म्हणाल्या, "अहो, हळू. ती जागी होईल." ती झाली नाहीं. साडेसहाच्या सुमारास हुतात्मा एक्सप्रेसमध्यें बसलों तेव्हां आमच्या तळहातांस फोड आले होते, आणि निघतांना सूनबाईस नमस्कार करावयाचा राहून गेला याबद्दल ती वाईट मानील, अशी चुटपुट होती.

जूनच्या पहिल्या आठवड्यांत मोसमी पाऊस सोलापुरापर्यंत आला. मावळांत तो नंतर चांगला कोसळला, आणि ऑगस्टमध्यें उजनी भरली; पळसनाथ पुन्हा पाण्याखालीं गेले. अण्णांचा फोन आला. भीमाशंकरास किती पाऊस झाला तें त्यांनीं आधीं सांगितलें, आणि घरांत सर्व खुशाल आहे हें मागाहून. मग फोन सूनबाईनें घेतला. हौद पुरा होऊन महिना झाला होता. तुळस नव्या जागेंत रुजली होती. हातही बरा होता.

"काल पाणी आलें का?" आम्हीं सवयीनें विचारलें.

ती हंसली. "आलेलें दिसतें, काका. सकाळीं झांकण उघडलें तों हौद कांठोकांठ होता. केव्हां आलें, तें मला कळलेंच नाहीं."